ना खलाशी, ना पलटणीतला

सप्टेंबर लागला की आमच्या गल्लीच्या टोकाची जुनी कोठारं उघडतात आणि न्युरेम्बर्गच्या या एवढ्याशा कोपऱ्यात हॉपचा वास भरून राहतो. बिअरला कडूपणा आणणारी ही हिरवी बोंडं दक्षिणेकडच्या खेड्यांतून पोत्यांत दाबून इथं येतात. कडवट, थोडा तेलकट, ओल्या गवताच्या जवळ जाणारा वास. माझी लेक शाळेतून येताना नाक दाबून धरते आणि जर्मनमधून कुरकुरते. मी तिला मराठीतून दटावते, ती पुन्हा जर्मनमधूनच उत्तर देते. आमच्या घरात असंच चालतं. पण तो वास आला की मी मात्र खिडकी थोडी जास्तच उघडते. त्या वासातून मला शिपाई आठवतात, आणि बिअर न पिणाऱ्या बाईला बिअरच्या वासातून शिपाई का आठवावेत, हे एकदा नीट सांगून टाकावं असं पुष्कळ दिवस मनात आहे.

ही गोष्ट सात वर्षांपूर्वीची, एकसष्ट सालची. मी लग्न करून इथं आले त्याला तेव्हा जेमतेम पाच-सहा महिने झाले होते. हे इथल्या एका मोठ्या कारखान्यात शिकाऊ इंजिनिअर होते. सकाळी अंधारातच बाहेर पडायचे आणि दमून परत यायचे. आमची खोली फ्राऊ वेबर नावाच्या बाईंच्या घरात वरच्या मजल्यावर होती. दिवसभर मी त्या खोलीत बसून असे. कोकणातल्या घरात कधी एकटं बसायची वेळ आली नव्हती. इथं भिंतीवरच्या घड्याळाशिवाय बोलणारं कोणी नाही. इंग्रजी घेऊन मी बी. ए. केलं होतं, आणि रोज खिडकीशी पुस्तक धरून जर्मनही शिकत होते, पण ते बोलायचं कुणाशी? मी वाळत चालले. यांनी मला परत पाठवायचं मनात घेतलं होतं, हे मला ठाऊक होतं. बोलून दाखवत नव्हते एवढंच.

एके दिवशी फ्राऊ वेबर वर आल्या, माझ्या ताटात तसाच राहिलेला भात बघितला आणि म्हणाल्या, "सोमवारी मी भावाच्या गावी जातेय. हॉपची तोडणी आहे. तुम्हीही चला. तिथं कामही आहे आणि माणसंही."

मी यांना विचारलं. "अहो, जाऊ का?" हे जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जा. नाहीतर तू इथं भिंतींशी बोलायला लागशील."

म्युनिकच्या वाटेवर, डोंगर नाहीत पण सपाटही नाही अशा त्या मुलखात हॉपचे मळे आहेत. उंच खांब, खांबांवरून ओढलेल्या तारा, आणि तारांवर चढून गेलेले वेल. आमच्या पोफळीच्या बागेत मिरवेल चढवतात तसंच काहीसं, फक्त पोफळ नसलेलं. पुरुष वेल ओढून खाली पाडायचे आणि आम्ही बायका स्टुलांवर रांगेनं बसून, पायांत टोपली धरून, एकेक बोंड तोडायचो. पहिल्याच दिवशी हात काळे झाले. लहानपणी काजूच्या बिया सोलताना चिकानं व्हायचे तसे. भाकरीऐवजी पाव होता, पण पावही त्या हातांनी खाल्ला की कडूच लागे. सगळ्या बायका हसल्या. मीही हसले, आणि हसताना माझ्या लक्षात आलं की पुष्कळ दिवसांनी हसतेय.

मळा आलोइसचा होता. आलोइस हा फ्राऊ वेबरांचा थोरला भाऊ. रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा, चालताना एक पाय किंचित ओढणारा. त्याची बायको रेझी. त्यांची एकुलती मुलगी आन्नी, वीस-एकवीस वर्षांची, म्युनिकच्या एका ऑफिसात टायपिस्ट होती आणि तोडणीसाठी रजा काढून आली होती. आणि अंगणापलीकडच्या खोलीत राहायचा आलोइसचा धाकटा भाऊ हान्स.

दोघं भाऊ एकाच मळ्यात राबत, पण एकमेकांशी बोलत नसत. "रेझी, त्याला सांग, ट्रॅक्टरचं चाक बघ." "रेझी, त्याला सांग, कालच बघितलं." रेझी कुणालाच काही सांगत नसे, कारण दोघांनाही ऐकू आलेलं असे. जेवायच्या वेळी हान्स आपली थाळी घेऊन अंगण ओलांडून जाई. मला वाटलं, जमिनीच्या वाटणीचं असेल. आमच्याकडे भावांचं बोलणं बंद झालं तर कारण सहसा तेच निघतं.

तोडता तोडता फ्राऊ वेबरांनी मला सांगितलं, ते वेगळंच होतं. महायुद्धात आलोइस पायदळात होता. आन्नी पाळण्यात असताना तो पूर्वेच्या आघाडीवर गेला आणि पुढं रशियनांच्या कैदेत सापडला. हान्स नौदलात मशिनिस्ट होता. लढाई संपली त्या उन्हाळ्यात तो घरी आला. मळा त्यानंच सावरला, रेझीला धीर दिला, आन्नीला सायकल शिकवली. आलोइस परत आला तेव्हा आन्नी नऊ वर्षांची होती. दारात दाढी वाढलेला, सुजलेल्या पायांचा माणूस बघून ती घाबरली, हान्सच्या मागं लपली आणि म्हणाली, "पापा, हा कोण?"

"ती हान्सला पापा म्हणाली," फ्राऊ वेबर म्हणाल्या. "कुणाची चूक होती? कुणाचीच नव्हती. पण आलोइसच्या डोक्यात एकच बसलं. पायदळवाले चिखलात मेले, बर्फात गोठले, आणि नौदलवाले कोरड्या बिछान्यात झोपून, गरम सूप पिऊन घरी आले. तो तसं बोलूनही गेला. हान्स त्यावर काही बोलला नाही. तेव्हापासून हे असं."

कुणाच्या हुकमानं आणि कशासाठी ते दोघं लढायला गेले होते, हा प्रश्न त्या गावात मोठ्यानं कुणी विचारत नसे. एकदाच, वेल खाली ओढताना, आलोइस स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला होता, "दुसऱ्याच्या घरात घुसलो होतो आम्ही. मग थंडी वाजली म्हणून रडायचं कशाला." आणि पुढच्या वेलाकडे गेला.

मला हे सगळं परकं वाटलं नाही याचं कारण माझं माहेर. विजयदुर्गाच्या खाडीकाठी आमचं घर. बाबा मराठा पलटणीत सुभेदार होते, आणि माझा मामा नौदलात बॉयलरवर. मे महिन्यात मामा रजेवर आला की ओसरीवर एकच विषय. बाबा म्हणायचे, "तुम्ही लोखंडी घरात बसून लढता. शत्रूचं तोंड तरी बघितलंय का कधी?" मामा म्हणायचा, "भावजी, तुम्हाला पळायला जमीन असते. आमच्या पायाखाली काय असतं सांगा." आई दोघांपुढे आमरसाच्या वाट्या ठेवायची आणि वाद तेवढ्यापुरता थांबायचा. आमच्याकडचा वाद हा असा. त्यात कुणी कुणाला पापा म्हटलेलं नव्हतं.

आलोइसनं एकदा मला विचारलं, "तुमचे वडील काय करतात, फ्राऊ साटम?"

"निवृत्त झाले. शिपाई होते. पायदळात."

"कुठं लढले?"

मी जरा अडखळले. "इटलीत."

तो समजला. इटलीत माझे बाबा कुणासमोर उभे होते हे त्याला वेगळं सांगावं लागलं नाही. त्यानं टोपली उचलली, पोत्यात ओतली आणि म्हणाला, "इटलीतही हिवाळ्यात चिखल फार, असं ऐकलंय."

"हो," मी म्हटलं. "बाबाही तेच सांगतात."

एवढंच. पण त्या दिवसापासून त्यानं माझ्यासाठी पाठ टेकायला येईल असं एक स्टूल शोधून आणलं.

त्याच उन्हाळ्यात बर्लिन शहरात भिंत उभी राहिली होती. रेडिओवर दुसरं काही नसे. मळ्याच्या कडेच्या रस्त्यावरून अमेरिकन पायदळाच्या ट्रकांच्या रांगाच्या रांगा जायच्या. ट्रकमधली पोरं बायकांना हात करायची, च्युइंगगमची पाकिटं फेकायची. बायका हात करत, पण ट्रक गेले की गप्प होत. पुन्हा लढाई होणार का, हे कुणी विचारत नसे आणि सगळ्यांच्या मनात तेच असे. रेझी तर ट्रकचा आवाज आला की हातातलं बोंड तसंच धरून बसे.

अशा दिवसांत आन्नीनं सांगितलं की रविवारी एक जण येणार आहे.

तिनं ते आधी हान्सला सांगितलं. मी शेजारीच होते. "काका, तो अमेरिकन आहे. म्युनिकच्या अमेरिकन वकिलातीत असतो. तो मरीन आहे."

आता इथं एक गंमत आहे. जर्मनमध्ये नौदलाला मारीने म्हणतात. आन्नीनं इंग्रजी शब्द उच्चारला होता, हान्सच्या कानांनी जर्मन ऐकला. त्याचा चेहरा असा उजळला की मला बघत राहावंसं वाटलं. "मारीने? म्हणजे आपला माणूस. आणि पायदळवाल्याच्या मुलीनं दर्यावर्दी शोधला." तो कोठाराकडे जाताना शीळ घालत होता.

आलोइसला रेझीनं सांगितलं. त्यानं हातातला वेल खाली टाकला. मग म्हणाला, "शिपाई आहे ना? मग नको. कोणत्या दळातला याच्याशी मला देणंघेणं नाही. उद्या लढाई पेटली की हा जाईल, आणि माझी मुलगी खिडकीत बसेल. ते या घरात एकदा झालंय." मग जरा थांबून म्हणाला, "आणि त्यातून मारीने." आन्नी उठून निघून गेली. रेझीनं तिच्या मागं न जाता टोपली पुढं ओढली.

रविवारी ग्लेन आला. उंच, कान बाहेर आलेला, केस इतके बारीक कापलेले की डोक्याची कातडी दिसावी. साधा कोट घातलेला, हातात रेझीसाठी फुलं. त्याला जर्मन मोडकंतोडकं येत होतं, म्हणून आन्नीनं मला शेजारी बसवलं. तिला स्वतः मधे पडून वडिलांचं बोलणं त्याला सांगायचं नव्हतं. अंगणात अक्रोडाच्या झाडाखाली लांब टेबल मांडलं होतं. बटाट्याची कोशिंबीर, डुकराचं भाजलेलं मांस, माझ्यासाठी वेगळं अंड्याचं काहीतरी. हान्स त्या दिवशी थाळी घेऊन गेला नाही. निळा नौदली स्वेटर घालून तो टेबलाच्या एका टोकाला बसला. दुसऱ्या टोकाला आलोइस. मधे आम्ही सगळे.

हान्सनं ग्लेनचा पेला भरला आणि विचारलं, "कोणत्या जहाजावर?"

मी इंग्रजीत सांगितलं. ग्लेन म्हणाला, "सध्या कोणत्याच नाही, सर. मी वकिलातीच्या दारावर पहारा देतो."

"दारावर? आणि त्याआधी?"

"त्याआधी जहाजावरून गेलोय दोन-तीनदा. मला फार उलट्या होतात."

हान्स माझ्याकडे बघायला लागला, मी भाषांतरात काही घोळ केला की काय म्हणून. "मारीनेत काम काय करतोस? इंजिन? तोफा?"

"बंदूक," ग्लेन म्हणाला. "आम्ही सगळे बंदूकवालेच. आमच्यातला आचारीसुद्धा आधी बंदूक शिकतो, मग भात."

आता मला गोंधळ कळला. मी म्हटलं, "हान्स, हा खलाशी नाही. आणि तसा साधा पायदळवालाही नाही." पण मग हा आहे कोण, ते जर्मनमध्ये सांगू कसं? मला आमच्या आजोबांच्या गोष्टी आठवल्या. आमच्या किनाऱ्यावरच्या जुन्या आरमाराच्या. गलबतावर दोन तऱ्हेची माणसं असायची. खलाशी शिडं आणि सुकाणू सांभाळायचे. आणि दुसरे असायचे ते शिपाई. ते शिडाला हात लावायचे नाहीत. गलबत शत्रूच्या गलबताला भिडलं की ते तलवार घेऊन पलीकडे उडी मारायचे, नाहीतर किनाऱ्यावर उतरून किल्ल्यावर चालून जायचे. खलाशी त्यांना ओझं म्हणायचे आणि किनाऱ्यावरचे लोक त्यांना खलाशी म्हणायचे. मी तुटक्या जर्मनमध्ये हे सगळं सांगितलं, हातांनी गलबत करून, दोन बोटांची उडी मारून दाखवून.

"म्हणजे," हान्स सावकाश म्हणाला, "मारीने-इन्फान्टेरी."

त्या एकाच शब्दात नौदलही होतं आणि पायदळही. हान्सचा चेहरा थोडा उतरला. टेबलाच्या दुसऱ्या टोकावरून आलोइसचा आवाज आला, जेवण सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच.

"इन्फान्टेरी," तो म्हणाला. "म्हणजे चालत जाणारा."

"हो, पण जहाजातून येणारा," हान्स म्हणाला. त्यानं ते रेझीकडे बघून म्हटलं, तरी ते उत्तर आलोइसला होतं.

मग त्या मुलाची दोन्हीकडून परीक्षा सुरू झाली. आलोइस विचारी, दिवसाला किती चालता, पाठीवर ओझं किती, बूट कसले. हान्स विचारी, जहाजावर झोपता कुठं, खायला कोण घालतं. ग्लेन दोघांना सारख्याच अदबीनं उत्तरं देत होता. रस्त्यावरून ट्रकांतून जातं ते आमचं लष्कर, तो म्हणाला. ते अवाढव्य असतं, सगळं सामान बरोबर घेऊन येतं आणि आलं की राहतं. आम्ही थोडे. आधी उतरायचं, जागा धरायची, आणि मोठं सैन्य येईपर्यंत ती सोडायची नाही. नौदल आम्हाला नेतं, जेवू घालतं आणि आम्ही त्यांची जहाजं घाण करतो म्हणून ओरडतं. लष्करवाले आम्हाला बढाईखोर म्हणतात. "आणि तसे आम्ही आहोतही थोडे," तो कान लाल करून म्हणाला. "पण मॅडम, त्यांना हेही सांगा, की मी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो नोकरीला लागल्यावर. आमच्या घराभोवती नुसता मका आहे."

तेव्हा फ्राऊ वेबर बोलल्या. त्या इतका वेळ संध्याकाळसाठी बटाटे सोलत होत्या. "तुमचं पायदळ, तुमचं नौदल," त्या म्हणाल्या. "माझा नवरा विमानदळात होता. तो परतच आला नाही. त्याच्या बाजूनं वाद घालायला इथं कोणी बसलेलं नाही. तुम्ही दोघं भांडता तेव्हा मला हेवा वाटतो, तुम्हाला सांगू का? भांडायला दोघं असावे लागतात."

मी ते ग्लेनला भाषांतर करून सांगितलं नाही, पण त्याला त्यांच्या आवाजावरूनच काहीतरी समजलं असावं. त्यानं चमचा खाली ठेवला.

मग त्यानं जे सांगितलं ते बहुधा वातावरण जरा हलकं करावं म्हणून. "एक गोष्ट मात्र आहे," तो म्हणाला. "आमच्यात आमचा डॉक्टर नसतो. मलमपट्टी करणारासुद्धा नाही. तो नौदलाचा असतो. नौदलातला माणूस, पण आमच्याबरोबर चिखलात राहतो. आपण पडलो आणि हाक मारली की धावत येतो. गोळ्या चालू असल्या तरी येतो. म्हणून कुणी कितीही थट्टा केली, तरी आमच्यातला कुणी नौदलाबद्दल मनापासून वाईट बोलणार नाही."

मी ते जर्मनमध्ये सांगितलं. शब्द शोधत, सावकाश. आलोइस ऐकत होता. "नौदलवाला?" त्यानं मला पुन्हा विचारलं. "चिखलात?"

"हो."

हान्स टेबलाकडे बघत होता. तो बोलायला लागला तेव्हा आवाज इतका खाली होता की रेझीनं ताटं गोळा करायची थांबवली.

"शेवटच्या हिवाळ्यात," तो म्हणाला, "आमची बोट सुरुंग काढायचं काम सोडून माणसं वाहायला लागली. पूर्वेच्या बंदरांतून. धक्क्यावर बायका, मुलं, घोडे. आणि पायदळातले जखमी. पाय नसलेले, गोठलेले. किती घेतले तरी धक्का भरलेलाच. माझी जागा खाली, इंजिनाशी. पण प्रत्येक फेरीला मी वर यायचो. शिव्या खायचो आणि यायचो. वर घेतलेल्या एकेकाचं तोंड बघायचो. चादर ओढलेली असली तर चादर बाजूला करून बघायचो." तो थांबला. "तू दिसतोस का ते बघत होतो."

कोठाराच्या छपरावर कबुतरं घुमत होती. मला आठवतं, आन्नीनं आपला हात तोंडावर धरला होता.

"मी तोवर कैदेत होतो," आलोइस म्हणाला. "तिथून पार लांब."

"ते मला नंतर कळलं."

"मला सांगितलं नाहीस कधी."

"तू कोरड्या बिछान्याचं बोललास. मग काय सांगायचं."

आलोइसनं आपले दोन्ही हात टेबलावर ठेवले. हॉपच्या चिकानं काळे झालेले, माझ्या हातांसारखेच. बारा वर्षांनी तो भावाकडे तोंड करून, रेझीला मधे न घेता बोलला होता, आणि बहुतेक हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. जरा वेळानं तो म्हणाला, "इकडे येऊन बस. एवढ्या लांबून ऐकू येत नाही." हान्स उठला, आपला पेला घेतला आणि भावाच्या शेजारी येऊन बसला. आलोइसनं कोशिंबिरीचं भांडं त्याच्याकडे सरकवलं.

त्यानंतर आलोइस ग्लेनकडे वळला. "सैन्यात का गेलास?"

ग्लेननं सांगितलं की त्याचा थोरला भाऊ लष्करात होता आणि कोरियातून परत आला नाही. "आई म्हणाली, तू लष्करात जायचं नाहीस. मी बरं म्हटलं, आणि मरीनमध्ये नाव घातलं. आईला वाटलं, मी जहाजावर सुरक्षित असेन. आमच्याबद्दल तिला तेव्हा काही माहीत नव्हतं."

मी हे सांगितल्यावर पहिल्यांदा रेझी हसली, मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आणि आता लढाई झाली तर?" आलोइसनं विचारलं.

ग्लेन ताठ बसला. "तर मला जावं लागेल, सर. तुम्हाला खोटं कशाला सांगू."

मी ते सांगताना मला भीती वाटली, की आता संपलं. पण आलोइसनं मान हलवली. "अगदी बरोबर," तो म्हणाला. "हेच खरं उत्तर." मग विचार करून म्हणाला, "नोकरी पुरी कर. पुरी झाली की ये, शिपायाचे कपडे ठेवून ये. तोडणीच्या दिवसांतच ये, तेव्हा दोन हात जास्त लागतातच. तोवर मी नाही म्हणत नाही, आणि हो पण म्हणत नाही."

"म्हणजे मी वाट बघायची," आन्नी म्हणाली. "तेच तुम्हाला नको होतं ना, पापा?"

उत्तर रेझीनं दिलं. "बघेल ती," रेझी नवऱ्याला म्हणाली. "मी बघितली. आणि तू आलास की नाही?"

मला त्या बाईचं ते वाक्य अजून जसंच्या तसं ऐकू येतं. वाट बघणं म्हणजे नुसतं सोसणं, असंच मी धरून चालले होते. खोलीत बसून मी तेच करत होते, यांची, रविवारची, घरी परत जाण्याची वाट बघत. रेझीनं वाट बघताना गाई सांभाळल्या होत्या, मुलगी वाढवली होती, हॉपची लावण केली होती. कोणतं दळ मोठं हा प्रश्न परत आलेल्यांचा. पायदळ जमीन धरतं, नौदल वाट मोकळी ठेवतं, विमानदळ वरून जातं, आणि हे मरीन पाण्यातून उठून जमिनीवर पळत सुटतात. प्रत्येकाला आपलंच काम सगळ्यांत अवघड वाटतं, आणि तसं वाटल्याशिवाय ते काम करताही येत नसेल. पण त्यांना घरातून बघणारीला चौघं सारखेच दिसतात. दाराकडे पाठ करून निघालेले, आणि एखाद्या दिवशी दारात उभे राहिलेले.

तोडणी संपली त्या दिवशी हे मला न्यायला आले. मी मळ्यात होते. डोक्याला रेझीचा रुमाल, साडी वर खोचलेली, हात काळे. यांनी मला लांबून ओळखलंच नाही. जवळ आले आणि म्हणाले, "तुझं तिकीट काढावं की नाही, हे विचारायचं होतं."

"कुठलं तिकीट?"

"घरचं."

"अहो," मी म्हटलं, "आधी ते पोतं उचलायला हात लावा. मग बोलू." पोतं उचललं, दुसरं उचललं. तिकिटाचं बोलणं नंतर निघालंच नाही. हिवाळ्यात मी शाळेत नाव घालून नीट जर्मन शिकायला लागले.

लढाई झाली नाही. ट्रकांच्या रांगा कमी झाल्या. ग्लेनची नोकरी दोन वर्षांनी संपली आणि तो खरोखरच तोडणीच्या दिवसांत आला, दोन सूटकेस घेऊन. त्यानं आठवडाभर वेल ओढले, मग त्याचं आणि आन्नीचं गावातल्या चर्चमध्ये लग्न झालं. त्याच्याबरोबरचे काही जण आज आशियातल्या दुसऱ्याच एका युद्धात आहेत. त्यांच्या बातम्या रेडिओवर आल्या की आन्नीची आठवण येते आणि तो वेळेवर बाहेर पडला याचं बरं वाटतं. आणि असं बरं वाटल्याचं पुन्हा वाईटही वाटतं.

ती दोघं जहाजानं अमेरिकेला निघाली तेव्हा दोघं भाऊ पोचवायला उत्तरेला बंदरावर गेले होते. आलोइसनं समुद्र पहिल्यांदाच पाहिला. हान्सनं नंतर मला सांगितलं, की जहाज सुटल्यावर आलोइस धक्क्यावर बराच वेळ उभा राहिला आणि मग म्हणाला, "तू असाच उभा राहून बघायचास का रे?" हान्स म्हणाला, "नाही. मी पलीकडून बघायचो." मग दोघांनी कागदात गुंडाळलेली तळलेली मासळी खाल्ली आणि परतीच्या गाडीत बसले. ग्लेन मुळात जमिनीवरचा की पाण्यातला, यावर ते न्युरेम्बर्ग येईपर्यंत वाद घालत होते. आमच्या घरी चहाला थांबले तेव्हाही तो संपला नव्हता. मी आईची आठवण काढून दोघांपुढे आंब्याच्या मुरंब्याची वाटी ठेवली.

या शनिवारी आन्नी आणि ग्लेन मुलाला घेऊन अमेरिकेहून पहिल्यांदाच येताहेत. मुलगा तीन वर्षांचा आहे. काल दोन्ही आजोबांचा, म्हणजे खऱ्या आजोबांचा आणि हान्सचा, फ्राऊ वेबरांच्या टेलिफोनवर मला वेगवेगळा फोन आला. हान्सनं गावच्या तळ्यात पोरासाठी उथळ जागा शोधून ठेवली आहे, त्याला पोहायला शिकवायचं आहे. आलोइसचं म्हणणं, आधी त्याला आपल्याबरोबर मळ्यातून चालू दे, पाय घट्ट होऊ देत, पाणी कुठं पळून जात नाही. आधी पाणी की आधी जमीन, हे मी ठरवायचं असं दोघांचं एकमत झालं आहे.

मी दोघांनाही सांगितलं, मूल इतक्या लांबून येतंय, आधी त्याला झोपू द्या.